दहा फुटांचं जाळं

ब्रिटनपासून जपानपर्यंत समुद्रतळाने जाणारी ‘फ्लॅग’ नावाची केबल १९९७ साली सुरू झाली. तिची लांबी सुमारे २८ हजार किलोमीटर. मुंबईत ती किनाऱ्यावर आली ती प्रभादेवीला, विदेश संचार निगमच्या केंद्रात. एवढ्या मोठ्या केबलची त्या वेळची एकूण क्षमता होती सेकंदाला १० गिगाबिट. आज लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या साध्या पाच पोर्टांच्या स्विचचं एकेक पोर्ट सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेतं. अर्ध्या जगाला जोडणाऱ्या केबलची एक दशांश क्षमता आता घरातल्या एका वायरीत आली आहे. तरीही लालबाग-परळच्या घराघरांत मोबाइलमधला फोटो त्याच खोलीतल्या लॅपटॉपवर घ्यायचा असला, की तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला जातो किंवा ई-मेलला जोडला जातो. फोटो घराबाहेर पडतो, कंपनीच्या यंत्रावर जातो आणि तिथून परत उतरतो. ते यंत्र नवी मुंबईत असेल किंवा सिंगापूरला, पण दहा फुटांसाठी घराबाहेरचा फेरा चुकत नाही. या प्रकरणाचं म्हणणं सरळ आहे : इंटरनेट ही भाड्याने घेतलेली सेवा आहे आणि घरातलं जाळं ही आपल्या मालकीची वस्तू आहे. या दोहोंमधली हद्द एकदा ओळखता आली, की राउटर, आयपी, लॅन, नॅस हे शब्द आपोआप आपापल्या जागी बसतात आणि पैसे कुठे घालावेत हेही कळतं.

हद्द आखण्याआधी मापं नीट केलेली बरी, कारण बहुतेक गैरसमज तिथेच सुरू होतात. जाळ्याचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून ‘१०० एमबीपीएस’चं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं, कनेक्शन घेतलं तर सेकंदाला १०० मेगाबाइट उतरत नाहीत, फार तर साडेबारा उतरतात. यात कोणी फसवत नसतं, दोन मापं वेगळी असतात एवढंच. आता एका लग्नाच्या चित्रीकरणाचं उदाहरण घेऊ. मूळ फाइली १०० गिगाबाइट भरल्या, म्हणजे ८ लाख मेगाबिट. अपलोडचा वेग ५० एमबीपीएस असेल तर त्या क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर, चढायला १६ हजार सेकंद, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास वेळ लागेल. त्याच फाइली घरातल्या घरात गिगाबिट वायरीने दुसऱ्या यंत्रावर नेल्या, तर हिशेबाने ८०० सेकंद आणि प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वेगाच्या जोडीला विलंबही असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईपासून सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन किमान ३९ मिलिसेकंद गेलेच, कितीही महागडा प्लॅन घेतला तरी. घरातल्या वायरीवर हाच फेरा एका मिलिसेकंदाच्या आत संपतो.

आता हद्द. गॅलरीतून किंवा खिडकीच्या फटीतून घरात येते ती फायबरची बारीक वायर. ती ज्या डब्यात शिरते तो प्रकाशाच्या स्पंदांचं विजेच्या संदेशांत रूपांतर करतो. त्याला ओएनटी म्हणतात. तांब्याच्या टेलिफोन वायरीवर एमटीएनएलचं ब्रॉडबँड चालत असे तेव्हा या डब्याच्या जागी मोडेम असायचा. त्यापुढे राउटर. बाहेरचं जाळं आणि घरातलं जाळं या दोहोंत पाय ठेवून उभं असलेलं यंत्र ते हेच. कोणता संदेश बाहेर जायचा, कोणता आतच राहायचा, हे ते ठरवतं. स्विचचं काम त्याहून साधं : घरातल्या वायरींना एकमेकींशी जोडणं. ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायफायचा रेडिओ. इंटरनेट कंपनी जो पांढरा डबा भिंतीवर लावून जाते त्यात ही चारही यंत्रं एकत्र कोंबलेली असतात, त्यामुळे ती एकच वस्तू वाटते आणि त्यातलं काहीही बिघडलं तरी तक्रार एकच होते : नेट गेलं. हद्द ओळखायची परीक्षा मात्र सोपी आहे. बाहेरून येणारी वायर काढली तरी जे चालू राहतं ते आपलं. लॅपटॉपवरून प्रिंटरला पाठवलेलं पान छापून येतं, मोबाइलमधला फोटो संगणकावर जातो, घरच्या डिस्कवरचा सिनेमा टीव्हीवर दिसतो. या आतल्या भागाला लॅन म्हणतात, म्हणजे स्थानिक जाळं. त्याला इंटरनेटची गरज नसते. इंटरनेट हा त्याला जोडलेला एक रस्ता असतो.

पत्त्यांची व्यवस्था समजायला गिरगावातली चाळ पुरेशी आहे. पोस्टाच्या दृष्टीने सगळ्या चाळीचा पत्ता एकच, आणि आत खोल्यांना १, २, ३ असे क्रमांक. ‘खोली क्रमांक ५’ प्रत्येक चाळीत असते, तरी घोटाळा होत नाही, कारण तो क्रमांक त्या चाळीपुरताच खरा असतो. घरातल्या उपकरणांचे १९२.१६८.१.५ सारखे आयपी पत्ते असेच आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवल्याचं मानक १९९६ सालचं. तेच पत्ते जगभर असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतात. त्यामागे टंचाई होती. जुन्या, चार आकड्यांच्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून घराला बाहेरून दिसणारा एकच सार्वजनिक पत्ता मिळतो आणि राउटर आतल्या-बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल करत राहतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. नवं उपकरण आलं की त्याला आतला क्रमांक देणारी सोय म्हणजे डीएचसीपी, आणि संकेतस्थळाचं नाव दिल्यावर त्याचा आयपी शोधून देणारी सोय म्हणजे डीएनएस. मॅक ॲड्रेस वेगळा : तो कारखान्यातच उपकरणाला मिळालेला बारा चिन्हांचा क्रमांक असतो. आजकाल पुष्कळ कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा वेळी बाहेरून कोणी आपल्या घरच्या यंत्राचं दार ठोठावायचं म्हटलं तरी ठोठावता येत नाही. घरच्या डिस्कवरच्या फाइली ऑफिसात बसून पाहायच्या असतील तर ही अडचण होते. पण सुरक्षिततेच्या बाजूने पाहिलं तर अनोळखी हल्ल्यांपासून तेवढंच संरक्षणही मिळतं.

मुंबईतल्या चाळींत वायफायची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी एकूण २०७. त्यातल्या ४२ नायगावला आणि ३२ ना. म. जोशी मार्गावर. एका चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत वायफाय ‘पोचत नाही’ हे संभवत नाही. कोणत्याही राउटरचा संदेश ही खोली सहज भरून टाकतो. अडचण पोचण्याची नसून गर्दीची आहे. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ साली परवान्याशिवाय वापरायला खुला झाला, आणि त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात : १, ६ आणि ११. चाळीतल्या निम्म्या खोल्यांत राउटर आहेत असं धरलं तर ४० राउटर तीन वाहिन्यांवर, म्हणजे एका वाहिनीवर तेरा-चौदा. ते सगळेच एकमेकांना ऐकू येतात असं नाही, जाड भिंती काही आवाज अडवतात. पण शेजारचे, वरचे, खालचे आणि समोरच्या इमारतीतले मिळून पाच-सात तरी येतातच. वायफायचा नियम असा, की आधी ऐकायचं, वाहिनी मोकळी असली तरच बोलायचं. म्हणून शेजारच्या घरात मालिका चालू असली की आपल्या राउटरला थांबावं लागतं, आपलं कनेक्शन कितीही वेगवान असो. इथे ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कामाला येतो. त्यात वाहिन्या बऱ्याच जास्त आहेत आणि तो भिंतीपलीकडे फारसा जात नाही. मोठ्या बंगल्यात हा त्याचा दोष ठरतो. चाळीत तोच गुण ठरतो, कारण शेजाऱ्याची लहर आपल्याकडे कमी येते आणि आपली त्याच्याकडे कमी जाते. म्हणजे जास्त ताकदीचा राउटर आणण्याआधी पट्टा बदलून पाहणं शहाणपणाचं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ज्या वस्तू जागच्या हलत नाहीत त्यांना वायरच द्यावी. टीव्ही, संगणक आणि पुढे ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो साठवणीचा डबा, हे वायरीवर गेले की वायफाय मोबाइलांना मोकळं मिळतं. कॅट ५-ई किंवा कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग देते. मुंबईतल्या घरात एवढी वायर लागतच नाही. दोन ठिकाणी मात्र लक्ष हवं. गिगाबिटसाठी केबलच्या आतल्या आठही तारा धडपणे जोडलेल्या लागतात. चारच जोडल्या गेल्या तर वेग गुपचूप १०० मेगाबिटवर येतो आणि कोणालाही पत्ता लागत नाही. स्वस्त राउटरांची पोर्टंही पुष्कळदा १०० मेगाबिटचीच असतात. त्यावर २०० चा प्लॅन घेणं म्हणजे निम्मे पैसे वाया घालवणं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही विकली जाते. किंमत कमी, पण ती लवकर तुटते. घेताना शुद्ध तांब्याचीच मागावी. जुन्या चाळींचा पुनर्विकास होतोय, हा या बाबतीत चांगला योग आहे. वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशा नव्या घरात टाइल्स आणि रंगकामाच्या आधी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा एक रिकामा पाइप भिंतीत टाकून घेणं हे सगळ्यांत स्वस्त नेटवर्किंग. पाइप असला की वायर केव्हाही बदलता येते; नसला तर पुढे भिंत फोडावी लागते.

आता साठवण. सर्वांत साधा प्रकार म्हणजे राउटरच्या यूएसबी पोर्टाला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क; ती घरातल्या सगळ्यांना दिसते, पण राउटरचा प्रोसेसर दुबळा असल्याने वेग कमी मिळतो. नॅस हा त्यापुढचा टप्पा. नॅस म्हणजे थेट जाळ्याला जोडलेली साठवण : एक छोटा संगणक, ज्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, आणि ज्याचं काम फाइली सांभाळणं आणि मागेल त्याला देणं एवढंच. घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं काढता येतं. आजोबांची कागदपत्रं नातवाला दिसायला नकोत किंवा दिसली तरी पुसता यायला नकोत, हे ठरवता येतं. विंडोज संगणक त्याच्याशी ज्या नियमावलीने बोलतात तिचं नाव एसएमबी. लिनक्समध्ये एनएफएसही चालतं. बहुतेक घरगुती नॅसमध्ये दोन डिस्क बसतात आणि इथे रेड हा शब्द येतो. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये मांडलेली ही कल्पना : पुष्कळ साध्या डिस्क एकत्र बांधून एका महागड्या डिस्कचं काम घ्यायचं. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. म्हणून ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा चारचीच मिळते, आणि विंडोजवर तीही ३.६ च्या आसपास दिसते, कारण कारखाना हजारच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

यावर पहिला आक्षेप असा, की क्लाउड असताना हा खटाटोप कशाला? आक्षेप वजनदार आहे. क्लाउड कंपनीकडे वीज, आग, पाणी, चोरी या सगळ्यांविरुद्ध जेवढी तयारी असते तेवढी कुठल्याही घरात असणार नाही. पण भाड्याच्या वस्तूचे नियम मालक बदलू शकतो, हेही तितकंच खरं. गूगल फोटोजवर अमर्याद छायाचित्रं फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ ला संपली. त्यानंतरचे फोटो १५ गिगाबाइटच्या फुकट कोट्यातून जायला लागले. शिवाय रस्ता तुटू शकतो. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटल्या, त्यातली एक हीच फ्लॅग. भारताची पश्चिमेकडे जाणारी क्षमता एका दिवसात निम्म्याच्या आसपास घसरली. असा प्रसंग क्वचित येतो आणि एरवी क्लाउड चोख काम करतं. म्हणून निष्कर्ष क्लाउड सोडून द्या असा निघत नाही. घरातल्या घरात वारंवार लागणाऱ्या मोठ्या फाइलींसाठी तो महाग आणि संथ रस्ता आहे, आणि जपायच्या मोजक्या फाइलींची दूर ठेवलेली प्रत म्हणून ते उत्तम आहे, एवढाच निष्कर्ष निघतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : सगळं एका डब्यात ठेवलं आणि तो डबाच गेला तर? रेड हे यावरचं उत्तर नाही. रेड एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवतं. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि चोर नेतो तो अख्खा डबाच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या घरगुती डिस्क इंटरनेटवरून दूरस्थपणे पुसल्या गेल्या आणि जगभरातल्या ग्राहकांचा डेटा गेला. त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नॅस इंटरनेटला उघडा ठेवू नये; राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्यांना थेट आतल्या यंत्रापर्यंत नेणारी सोय, बंदच बरी, आणि बाहेरून पाहायचंच असेल तर व्हीपीएनच्या खासगी वाटेने. आणि प्रत म्हणजे मूळ यंत्रापासून तुटलेली प्रत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दादरच्या हिंदमाताला पावसाळ्यात वर्षानुवर्षं पाणी तुंबत आलं आहे, आणि २६ जुलै २००५ चा प्रलय तर मुंबई विसरणार नाही. तळमजल्यावरचा नॅस जमिनीवर ठेवणं म्हणजे आपत्तीला आमंत्रण. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडू शकतात, म्हणून छोटा यूपीएस हवा. दुसऱ्या ठिकाणाचा प्रश्न मात्र गिरगाव-लालबागच्या पुष्कळ कुटुंबांना पडायलाच नको. त्यांचं घर कोकणात आहेच. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाताना एक डिस्क न्यायची, तिथली आणायची. सहा महिन्यांच्या अंतराने का होईना, शेकडो किलोमीटर दूर प्रत तयार. त्यासाठी गावात इंटरनेट असायचीही गरज नाही. गावच्या दमट हवेत ती डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली म्हणजे झालं.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि देखभालीचा. विजेचा खर्च फार नाही : सरासरी २० वॉट घेणारा दोन डिस्कांचा नॅस महिनाभर अखंड चालला तर पंधरा युनिटच्या आत राहतो. पण डिस्क आणि डबा मिळून सुरुवातीची रक्कम मोठी असते, डिस्क काही वर्षांनी बदलाव्या लागतात, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावं लागतं. घरात एकालाच सगळं माहीत असेल आणि तोच नोकरीसाठी परगावी गेला, तर पासवर्ड न सापडलेला नॅस निरुपयोगी ठरतो. म्हणून हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. ज्या कुटुंबाचा सगळा डेटा ५०-१०० गिगाबाइटच्या आत आहे आणि संगणक एकच आहे, त्यांना नॅस नको. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणि त्या भरायची शिस्त पुरे. घरात तीन-चार जणांचे मोबाइल, लॅपटॉप, एखाद्याचं चित्रीकरणाचं किंवा डिझाइनचं काम, आणि त्याच फाइली सगळ्यांना लागतात, अशा घरात नॅस आपली किंमत वसूल करतो.

म्हणून खर्चाचा क्रम हद्दीच्या आतून बाहेर असावा. आधी जपायच्या गोष्टींची दुसरी प्रत, कारण तिला पर्याय नाही. मग वायफायचा पट्टा आणि राउटरची पोर्टं तपासणं, मग एक-दोन वायरी, मग गरज भासली तर नॅस, आणि सर्वांत शेवटी महागडा इंटरनेट प्लॅन. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो, कारण प्लॅनची जाहिरात होते आणि केबलीची होत नाही. प्रत्येक फाइलबाबत प्रश्न एकच : ती पुढच्या वेळी कोण उघडणार? उघडणारा याच घरात असेल तर ती घरच्या जाळ्यात ठेवावी. पुण्यातली बहीण किंवा परदेशातला मुलगा असेल तर क्लाउडवर. आणि वीस वर्षांनी उघडणारं कोणीतरी असेल तर दोन्हीकडे आणि शिवाय गावी.